सतरा राज्यांचा परवाना

पहिलं राज्य टेक्सास.
त्याचा अभ्यास मी हुडकेश्वरला केला, स्वयंपाकघरात,
भिंतीपलीकडे सासूबाईंची मालिका,
आणि पुस्तकात: वारा आधी आला की पाणी,
हे मोडक्या छताकडे बघून कसं ओळखायचं.
वाऱ्याने छत उडवून पाऊस आत घेतला तर पैसे मिळतात.
पाणी जमिनीवरून चढलं तर नाही.
खरं तर एवढंच होतं.
बाकी चारशे पानं त्याचीच पोटकलमं.

बोटांचे ठसे द्यायला सदरला गेले.
यंत्राने उजवा अंगठा तीनदा नाकारला.
पोरगा म्हणाला, मॅडम, भांडी लई घासता का?
मी सांगितलं नाही
की तुमसरला आईसोबत आठ वर्षं विड्या वळल्या,
तेंदूच्या पानांनी रेघा नेल्या.
त्याने ओला रुमाल दिला. चौथ्यांदा उमटलं.
टेक्सासला कळलं की मी गुन्हेगार नाही.
महाराष्ट्राने अजून विचारलेलं नाही.

मग फ्लोरिडा, मग जॉर्जिया.
एकाने मान्य केलं की दुसरं मानतं,
सोयरिकीत थोरल्या आत्याने मान हलवली
की बाकीच्या आत्या हलवतात, तसं.
एक-दोन राज्यं मात्र अडून बसली:
आमचा पेपर वेगळा, आमची फी वेगळी.
आणि काहींना परवानाच लागत नाही.
त्यांची मला जरा भीतीच वाटते.

रात्री साडेआठला गाडी येते. मिहान.
खिडकी नसलेला मजला, समोर लोकांची छतं.
लबकची एक बाई फोनवर म्हणाली,
गोल्फच्या चेंडूएवढ्या गारा होत्या, बाळ.
गोल्फ मी पाहिलेला नाही.
तक्त्यात तो पावणेदोन इंच.
तुमच्याकडे कसं आहे हवामान? तिने विचारलं.
मी एसीकडे पाहिलं. म्हटलं, थंड आहे.

मार्चात आमच्याच गल्लीवर पडल्या.
आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या, दहा मिनिटं.
गोपीचंद टेंभुर्णेंच्या शिवणदुकानाचा टिनाचा पत्रा,
आधीच गंजका, चाळणी झाला.
लग्नसराईचे ब्लाऊज सगळे ओले.
विमा होता, बँकेने कर्जासोबत गळ्यात मारलेला.
कंपनीचा माणूस आला, खालूनच फोटो काढला,
चहा अर्धा ठेवून गेला.

“वैजू, तू त रोज हेच करते ना वं. सांग ना मंग.”
“काका, मला इथला परवाना नाही.”
“कितीक राज्यांचा हाये म्हणते तुह्याजवळ?”
“सतरा.”
“अन् त्यात आपलं नाही?”
“नाही.”
त्यांनी दातातला दोरा तोडला.
“काहून?”

मला उत्तर आलं नाही म्हणून मी शिडी मागितली.

सहा वर्षांत नऊ हजार छतं तपासली असतील.
एकावरही पाय ठेवला नव्हता.
पत्रा पायाखाली बोलतो, हे फोटोत कळत नाही.
तापतो, हेही नाही.
“मधात नको ठेवू पाय! पाइपाच्या रेघेवर ठेव!”
काका खालून ओरडले.
चारशे पानांत हे नव्हतं.

त्यांच्याच खडूने दहा बाय दहाचा चौकोन आखला,
तो खडू, ज्याने बाहीचा उतार काढतात.
प्रत्येक खळग्याभोवती गोल.
त्यांचाच टेप, मळका, पहिला इंच तुटलेला,
म्हणून प्रत्येक मापातून एक वजा.
पावणेदोन, मी वरून सांगितलं.
परत पावणेदोन. इथे आरपार, दीड.

काका वहीत लिहीत होते,
शहाणे मॅडमची छाती, कंबर, गळा मागून खोल,
त्याच पानावर खाली.
वर बघून विचारलं, अजून काही?

चौकात गाडीचा हॉर्न वाजला. साडेआठ.
तारीख टाका, काका, मी म्हटलं.
तारीख नसली तर कुठेच काही मिळत नाही.